गणितानंद कापरेकर

पुढील पाच गुणाकार एकाखाली एक मांडून पाहावेत.

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१
१११११ × १११११ = १२३४५४३२१

उजवीकडची उत्तरे मध्य साधून एकाखाली एक लिहिली, तर देवळाच्या शिखरासारखा एक त्रिकोण तयार होतो. अगदी वर एकटा एक असतो. खालच्या प्रत्येक ओळीत अंक पायरीपायरीने चढत जातात, मधोमध सर्वांत मोठा अंक येतो आणि मग ते जसे चढले तसेच उतरतात. डावीकडून वाचा की उजवीकडून, ओळ तीच राहते. हा त्रिकोण पाहून बहुतेक जण क्षणभर नवल करतात आणि पान उलटतात. महाराष्ट्रातील एका शाळामास्तरांना मात्र पान उलटवले नाही. ह्या आणि अशाच दुसऱ्या आकृत्यांत त्यांनी आपले सारे आयुष्य घालविले. त्यांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. लोक त्यांना गणितानंद म्हणून ओळखत, आणि ते नाव त्यांना शोभणारेच होते.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. डहाणू हे समुद्रकाठचे गाव आज चिकूच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. दत्तात्रय आठ वर्षांचे असतानाच त्यांची आई वारली, आणि पुढे त्यांचे संगोपन वडिलांनी केले. वडील कारकून होते. घरची स्थिती बेताची होती. परंतु वडिलांना ज्योतिषाचा मोठा नाद होता. पत्रिका मांडावयाची म्हणजे अंश, कला, घटका, पळे ह्यांची सतत आकडेमोड करावी लागते. त्या आकडेमोडीची गोडी मुलाला लागली. ग्रहांच्या फलांकडे मुलाचे मन फारसे वळले नाही. ते रमले आकड्यांत.

माध्यमिक शिक्षणासाठी दत्तात्रय ठाण्याच्या शाळेत होते. गणिती कोडी सोडविण्यात त्यांचे तासन्‌तास आनंदात जात. संख्या हे त्यांना केवळ हिशेबाचे साधन वाटत नसे. प्रत्येक संख्येला काही स्वभाव आहे, काही खोडी आहे, आणि ती हुडकून काढली पाहिजे, अशी त्यांची दृष्टी तेव्हापासूनच बनत गेली.

१९२३ साली ते पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. त्या काळचे पुणे आजच्याएवढे विस्तारलेले नव्हते. महाविद्यालयामागच्या टेकड्यांपलीकडे, नैर्ऋत्येस असलेले कोथरूड हे शहराबाहेरचे खेडे होते. आज तेथे उंच इमारतींची दाटी झाली आहे. तेव्हा तेथे शेते होती. कोथरूडच्या शेजारीच हिंगण्याला महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांची स्त्रीशिक्षणाची संस्था होती. हे कर्वे मूळचे गणिताचे प्राध्यापक. लोकमान्य टिळकांनी फर्ग्युसन सोडल्यानंतर १८९१ साली गणित शिकविण्यासाठी कर्व्यांना तेथे बोलाविण्यात आले, आणि १९१४ पर्यंत त्यांनी ते काम केले. ज्या महाविद्यालयात टिळकांनी आणि कर्व्यांनी गणित शिकविले, आणि ज्याचे आणखी एक प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी अंकगणिताचे पाठ्यपुस्तक लिहिले, तेथे गणिताला मान होता ह्यात नवल नाही.

त्या परंपरेतील सर्वांत तेजस्वी नाव रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे ह्यांचे होते. कोकणातल्या मुर्डी गावाच्या ह्या मुलाने १८९९ साली इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या परीक्षेत पहिला क्रमांक मिळविला होता. तो मान मिळविणारे ते पहिलेच भारतीय. पुढे ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्यांच्या नावाचे एक पारितोषिक गणितात स्वतंत्र बुद्धीने काही काम करणाऱ्या विद्यार्थ्यास दिले जाई. १९२७ साली ते कापरेकरांना मिळाले. परीक्षेतल्या गुणांसाठी नव्हे, तर स्वतः काही नवे शोधल्याबद्दल मिळालेले हे पारितोषिक होते, म्हणून त्याचे मोल अधिक.

१९२९ साली कापरेकर पदवीधर झाले. त्यापुढचे विद्यापीठीय शिक्षण त्यांनी घेतले नाही. संशोधनाची पदवीही त्यांच्यापाशी कधी नव्हती. नाशिकजवळच्या देवळाली येथे त्यांना शाळेत शिक्षकाची जागा मिळाली. १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ते तेथेच शिकवीत राहिले. देवळाली हे लष्करी छावणीचे आणि चांगल्या हवेचे गाव. तेथे ना मोठे ग्रंथालय होते, ना गणितावर चर्चा करणारी विद्वानांची मंडळी. कापरेकरांपाशी कागद होता, पेन्सिल होती आणि संख्या होत्या. संख्या मात्र कितीही वापरल्या तरी न संपणाऱ्या.

आरंभी दिलेल्या त्रिकोणाकडे आता पुन्हा वळावे. मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर, कल्याणच्या अलीकडे, डोंबिवली हे रेल्वेचे स्थानक आहे. ह्या संख्यांचा शोध घ्यावा अशी कल्पना कापरेकरांना ह्याच स्थानकावर सुचली. तेव्हा त्या स्थानकाला डेमलो असेही म्हणत. म्हणून त्यांनी त्या संख्यांना 'डेमलो संख्या' असे नाव दिले. एखाद्या राजाचे किंवा देवाचे नाव न देता रेल्वेच्या स्थानकाचे नाव संख्येला देणारा गणिती विरळाच!

डेमलो संख्येचे तीन भाग असतात. मधल्या भागात एकच अंक एकदा किंवा अनेकदा आलेला असतो; आणि डावा भाग व उजवा भाग ह्यांची बेरीज केली, की पुन्हा तोच अंक मिळतो. १६५ ही संख्या घ्या. डावीकडे १, उजवीकडे ५. त्यांची बेरीज ६, आणि मध्ये ६ हाच अंक आहे. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५ होतात, आणि मध्ये दोन पाच आहेत. ४७७७३ मध्ये ४ आणि ३ मिळून ७ होतात, आणि मध्ये तीन सात आहेत. त्रिकोणातल्या संख्यांची गोष्ट आणखी गमतीची. १२३२१ मध्ये डावीकडचे १२ आणि उजवीकडचे २१ मिळून ३३ होतात; मधला अंक ३ आहे. १२३४३२१ मध्ये १२३ आणि ३२१ मिळून ४४४. मधला अंक ४. ह्या शिखरातल्या संख्यांना कापरेकर 'अद्भुत डेमलो संख्या' म्हणत. त्यांवरील त्यांचा लेख १९३८ साली 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

हे शिखर उभे कसे राहते, ते कळण्यासाठी गुणाकार सावकाश मांडला पाहिजे. १११ ला १११ ने गुणताना १११ ही संख्या तीन वेळा लिहावी लागते, आणि दर वेळी एक घर डावीकडे सरकवावी लागते. मग बेरीज करताना उजवीकडच्या पहिल्या घरात एकच १ असतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात पुन्हा दोन आणि शेवटच्या घरात एक. म्हणूनच १२३२१. पायऱ्यांवर पायऱ्या चढाव्यात तशी ही रचना आहे. नऊ एकांपर्यंत ती बिनचूक चालते, आणि नवव्या ओळीत १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या येते. तिच्या सर्व अंकांची बेरीज ८१, म्हणजे ९ चा वर्ग! वरच्या ओळींतही हेच आढळते : १२१ च्या अंकांची बेरीज ४, १२३२१ च्या अंकांची ९, १२३४३२१ च्या अंकांची १६. दहा एक घेतले, की मधल्या घरात दहा जमतात, हातचा घ्यावा लागतो आणि शिखराचा मध्य ढासळतो. तेव्हा उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१.

संख्यांच्या त्रिकोणाचे हे वेड भारताला नवे नव्हते. छंदःशास्त्र लिहिणाऱ्या पिंगलांनी लघु आणि गुरू अक्षरांच्या मांडण्या मोजण्याच्या रीती फार प्राचीन काळी सांगितल्या. दहाव्या शतकात त्यांच्या ग्रंथावर टीका लिहिताना हलायुध ह्या पंडिताने 'मेरुप्रस्तार' नावाचा त्रिकोण स्पष्ट करून दाखविला. मेरू म्हणजे पर्वत. त्यात प्रत्येक अंक हा त्याच्या डोक्यावरील दोन अंकांची बेरीज असतो : १; मग १, १; मग १, २, १; मग १, ३, ३, १; मग १, ४, ६, ४, १. युरोपात ह्याच त्रिकोणाला पास्कल ह्या सतराव्या शतकातील फ्रेंच गणित्याचे नाव मिळाले. ११ ला ११ ने एकदा गुणले तर १२१, पुन्हा गुणले तर १३३१, आणखी एकदा गुणले तर १४६४१. म्हणजे मेरूच्या ओळीच. कापरेकरांचे शिखर आणि हलायुधाचा मेरू १२१ ह्या एका पायरीवर भेटतात आणि मग निरनिराळ्या वाटांनी खाली उतरतात.

कापरेकरांचे असे लेख वाचून सारेच गणिती प्रसन्न होत असत, असे मात्र नाही. पुष्कळ विद्वान त्यांच्या कामाला हसत. त्यांच्या हसण्याला एक कारण होते. १२१ किंवा १६५ ह्यांची गंमत ही ती संख्या दहाच्या पद्धतीने लिहिल्यामुळे दिसते. माणसाला दहा बोटे आहेत म्हणून आपण दहाने मोजतो. आठ बोटे असती तर आठाने मोजले असते, आणि ह्या गमती निराळ्या झाल्या असत्या. तेव्हा हे संख्यांचे खरे गुणधर्म नव्हेत, हा आकड्यांचा खेळ आहे, असे हे विद्वान समजत. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. परंतु खेळातूनसुद्धा असे प्रश्न निघतात, की ज्यांची उत्तरे सहजासहजी सापडत नाहीत, हे हसणारे विसरत होते.

कापरेकरांनी उत्तर देण्यात वेळ घालविला नाही. नियतकालिकांनी लेख घेतला तर ठीक. न घेतला तर ते स्वतःच्या खर्चाने लहानशी पुस्तिका छापून घेत. शिक्षकाच्या पगारात हा खर्च सोपा नव्हता. पुस्तिकेवर प्रकाशक म्हणून लेखकाचेच नाव असे आणि पत्ता देवळालीचा. गणिताच्या परिषदांना ते आवर्जून जात, आणि शाळा-महाविद्यालयांत बोलावणे आले की व्याख्यानही देत.

१९४९ साली मद्रास येथे गणिताची परिषद भरली. तेथे कापरेकरांनी एका संख्येची हकीकत सांगितली. आज जगभर त्यांचे नाव मुख्यतः त्या संख्येमुळे घेतले जाते. ती संख्या म्हणजे ६१७४.

कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे चारही अंक सारखे मात्र नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहून मोठ्यात मोठी संख्या करावी, चढत्या क्रमाने लिहून लहानात लहान संख्या करावी, आणि पहिलीतून दुसरी वजा करावी. उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करावी. उदाहरणादाखल कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ हेच घेऊ.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता ६१७४ वर हीच क्रिया केली, तर ७६४१ वजा १४६७, म्हणजे पुन्हा ६१७४. तेथून पुढे जाता येत नाही. संख्या कोणतीही असो, ती शेवटी ह्याच ठिकाणी येऊन थांबते. आणि तेही जास्तीत जास्त सात पायऱ्यांत. काही संख्या एका वजाबाकीतच पोहोचतात, काहींना तीन-चार लागतात. १९०५ ला पूर्ण सात लागल्या. तीन अंकी संख्या घेतल्या तर त्या ४९५ पाशी थांबतात. मधे कधी शून्य आले, तर ते सोडून न देता त्याच्यासकट चार अंक धरावयाचे, एवढे पथ्य पाळावे लागते.

सात पायऱ्यांपेक्षा जास्त कधीच लागत नाहीत, हे कसे समजावे? चार अंकी संख्या तर नऊ हजार. परंतु थोडा विचार केला, की काम पुष्कळ हलके होते. वजाबाकीचे उत्तर चारही अंकांवर अवलंबून नसते. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांमधला फरक किती, आणि उरलेल्या दोन अंकांमधला फरक किती, एवढेच पाहावे लागते. पहिल्या फरकाला ९९९ ने गुणावे, दुसऱ्याला ९० ने गुणावे आणि बेरीज करावी, की उत्तर तयार. १९०५ चे अंक ९, ५, १, ०. पहिला फरक ९, दुसरा ४. म्हणून ८९९१ आणि ३६० मिळून ९३५१. अशा फरकांच्या जोड्या एकंदर ५४ च होतात. तेव्हा नऊ हजार संख्यांऐवजी चोपन्न उत्तरे तपासली की पुरे. ज्याच्यापाशी एक वही आणि एक दुपार आहे, त्याला हे काम स्वतः करून पाहता येईल.

१९५५ साली 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' ह्या अमेरिकेतील नियतकालिकात ६१७४ वर कापरेकरांचा लेख आला. पुढे ही संख्या 'कापरेकर स्थिरांक' ह्या नावाने प्रसिद्ध झाली.

त्यांच्या नावाच्या दुसऱ्याही काही संख्या आहेत. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करावेत : २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५! ५५ चा वर्ग ३०२५. ३० आणि २५ मिळून ५५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९. ४९४ आणि २०९ मिळून ७०३. अशा संख्यांना 'कापरेकर संख्या' म्हणतात. त्यांतही त्रिकोण डोकावतोच. गोट्या मांडताना पहिल्या ओळीत एक, दुसरीत दोन, तिसरीत तीन अशा मांडल्या, तर नऊ ओळींत ४५ गोट्या लागतात आणि दहा ओळींत ५५. नव्याण्णव ओळींत ४९५० लागतात, शंभर ओळींत ५०५०. आणि ४९५० व ५०५० ह्याही कापरेकर संख्याच आहेत. ४९५० चा वर्ग २४५०२५००. त्याचे तुकडे २४५० आणि २५००. ७०३ चाही सदतीस ओळींचा त्रिकोण होतो. मात्र २९७ चा त्रिकोण होत नाही. संख्यांच्या राज्यात नियम दिसला म्हणून लगेच विश्वास ठेवून चालत नाही. तपासून पाहावे लागते.

काही संख्यांना कापरेकरांनी 'हर्षद' असे नाव दिले. हर्षद म्हणजे आनंद देणारी. जिला तिच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, ती हर्षद संख्या. १२ च्या अंकांची बेरीज ३, आणि ३ ने १२ ला भाग जातो. श्रीनिवास रामानुजन ह्यांच्या गोष्टीमुळे प्रसिद्ध झालेली १७२९ ही संख्याही हर्षद आहे. तिच्या अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९.

ह्या सर्वांहून खोल विचार त्यांनी केला तो 'स्वयंभू' संख्यांचा. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळविली, की नवी संख्या जन्मते. २३ मध्ये २ आणि ३ मिळविले की २८. २८ मध्ये २ आणि ८ मिळविले की ३८. मग ४९, ६२, ७०, ७७, ९१, १०१ अशी साखळी पुढे जाते. साखळीतल्या सर्व संख्यांचे सर्व अंक एकत्र मिळविले तर किती होतील? एकेक अंक मोजण्याची गरज नाही. शेवटच्या संख्येतून पहिली वजा करावी आणि शेवटच्या संख्येचे अंक मिळवावेत : १०१ वजा २३ म्हणजे ७८, आणि १०१ चे अंक मिळून २; उत्तर ८०. ही युक्ती कापरेकरांनी दाखविली.

आता उलट विचार करावा. २१ ही संख्या १५ पासून जन्मते. कारण १५ मध्ये १ आणि ५ मिळविले की २१ होतात. म्हणजे १५ हा २१ चा जनक. २० चा जनक कोण? शोधून पाहा, तो सापडत नाही, कारण तो नाहीच. २० ला कोणी जन्म दिलेला नाही. ती स्वयंभू आहे. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७ ह्या शंभराच्या आतील सर्व स्वयंभू संख्या होत. २० पासून ९७ पर्यंत त्या अकरा-अकराच्या अंतराने येतात, आणि पुढेही १०८ येते. परंतु ही चाल फार काळ टिकत नाही. ११९ स्वयंभू नाही. १०८ नंतरची स्वयंभू संख्या ११० आहे, आणि तिच्यानंतर १२१ येते. डेमलोच्या त्रिकोणातली तीच १२१! स्वयंभू संख्या अगणित आहेत.

ह्या संख्यांना कापरेकरांनी आपल्या गावावरून 'देवळाली संख्या' असेही म्हटले. १९६३ साली त्यांवर त्यांनी पुस्तिका काढली. पण देवळालीत छापलेली पुस्तिका फार दूर कशी जाणार? पुढे १९७४ साली कोलंबिया देशातील एका गणित्याने ह्याच संख्यांविषयी प्रश्न विचारला, आणि कित्येक पुस्तकांत त्यांना 'कोलंबियन संख्या' असे नाव पडले. आज दोन्ही नावे शेजारी शेजारी छापली जातात.

१९६२ साली कापरेकर शाळेतून निवृत्त झाले. १९६६ साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले. त्यानंतरचे दिवस कष्टाचे होते. निवृत्तिवेतन तुटपुंजे होते. कापरेकरांच्या गरजा फार थोड्या. राहणी अतिशय साधी. तरीही महिन्याची मिळवणी होईना. वयाच्या साठीनंतर त्यांना गणिताच्या आणि विज्ञानाच्या खाजगी शिकवण्या कराव्या लागल्या. ज्यांच्या नावाचे लेख अमेरिकेत छापून येत, ते देवळालीत मुलांना त्रैराशिक आणि भूमिती शिकवून घर चालवीत होते. शिकवण्या संपल्या, की उरलेला वेळ पूर्वीप्रमाणेच संख्यांचा. गणितात त्यांनी धन शोधले नव्हते. त्यामुळे धन मिळाले नाही म्हणून गणित सुटले नाही. एवढे खरे, की शासनाने किंवा एखाद्या विद्यापीठाने त्या वर्षांत त्यांना भक्कम आधार दिला असता, तर त्यांचे उतारवय अधिक सुखाचे झाले असते.

मग १९७५ साल उजाडले. अमेरिकेत मार्टिन गार्डनर नावाचे लेखक 'सायंटिफिक अमेरिकन' ह्या मासिकात गणितातील खेळांवर सदर लिहीत असत. ते सदर अनेक देशांतील मोठमोठे गणितीही वाचीत. मार्चच्या अंकात गार्डनर ह्यांनी देवळालीच्या कापरेकरांची आणि त्यांच्या संख्यांची ओळख करून दिली. वर्षानुवर्षे आपल्या देशात ज्यांच्याकडे पुष्कळांनी कानाडोळा केला होता, त्यांचे नाव एकाएकी देशोदेशीच्या गणितप्रेमींच्या तोंडी झाले. कापरेकर तेव्हा सत्तर वर्षांचे होते.

त्यानंतर त्यांच्या प्रश्नांवर पद्धतशीर काम सुरू झाले. दहाऐवजी दुसऱ्या पायावर संख्या लिहिल्या तर ६१७४ च्या जागी काय येते? पाच अंकी संख्यांचे काय होते? पाच अंकी संख्या एकाच ठिकाणी थांबत नाहीत. त्या एखाद्या फेऱ्यात सापडतात आणि त्याच त्या संख्यांभोवती घिरट्या घालीत राहतात. आक्षेप घेणाऱ्यांनी दहा बोटांची गोष्ट काढली होती. तीच गोष्ट आता संशोधनाचा विषय बनली. संगणक शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना आज अनेक ठिकाणी ६१७४ ची क्रिया यंत्राकडून करवून घेण्याचा अभ्यास देतात. त्यांतल्या कित्येकांना देवळाली नकाशावर कोठे आहे हे माहीतही नसेल. पण कापरेकर हे नाव त्यांना लिहावे लागते.

कापरेकर अखेरपर्यंत देवळालीतच राहिले. १९८६ साली तेथेच त्यांचे निधन झाले.